मलिक अंबर : आपल्या शहराचा पहिला सिस्टिम अ‍ॅडमिन!

मित्रांनो, भडकल गेटखालून आपण कितीतरी वेळा जातो. १६१२ साली ते उभारलं मलिक अंबरने. युनिक्सच्या लॅबमध्ये एनआयएस डोमेन उभं करणाऱ्या प्रत्येकाने या माणसाचं चरित्र वाचावं.

आधी एनआयएस म्हणजे काय ते बघू. पन्नास मशीन असतील तर प्रत्येकावर युझर आणि पासवर्ड वेगळे भरणं म्हणजे डोक्याला ताप! म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात युक्ती काढली. डोमेनला एक नाव द्यायचं, सगळी यादी एका मास्टर सर्व्हरवर ठेवायची, तिच्या प्रती स्लेव्ह सर्व्हरवर पाठवायच्या आणि क्लायंट मशीन त्या नावाला बांधायची. आज हे काम बहुतेक ठिकाणी एलडॅप करतं, पण तत्त्व तेच.

आता अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. मालक वारल्यावर तो मोकळा झाला आणि हळूहळू स्वतःचं सैन्य उभं केलं.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. मास्टर सर्व्हरच गेला म्हणा ना! अंबरने घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं, स्वतः राजा झाला नाही. कारण सरदार आणि रयत बांधलेली होती ती निजामशाहाच्या नावाला. नाव तेच राहिलं, म्हणून राजधानी परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी हलली तरी क्लायंट तुटले नाहीत.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर घरोघरच्या हौदांपर्यंत आणलं. जमीन मोजून, प्रतवारी लावून सारा ठरवला. म्हणजे नोंद पक्की, मनमानी कमी. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली, तरी राज्य टिकलं. सैन्य एका जागी अडकलेलं नव्हतंच, गनिमी काव्याने लढत होतं. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजांना एकदम हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

१६२६ मध्ये अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. आणि इथेच डोमेनमधली चूक उघडी पडली. नाव होतं, यादी होती, पण अंबरची प्रत नव्हती! मुलगा फत्तेखान याने मुर्तझाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना दिलं. शहाजीराजांनी त्याच घराण्यातला एक लहान मुलगा गादीवर बसवून तीन वर्षं झुंज दिली. पण १६३६ मध्ये निजामशाही संपली. अंबरनंतर अवघ्या दहा वर्षांत!

तेव्हा दोस्तांनो, मास्टर चालू झाला की टाळ्या वाजवून रूमवर जाऊ नका. आधी स्लेव्ह उभा करा, यादी तिथे पोचली का तपासा. मग मुद्दाम मास्टर बंद करून कुठल्याही क्लायंटवर लॉगिन करून बघा. झालं, तर डोमेन उभं राहिलं. नाहीतर ते तुमच्यासोबतच पासआउट होणार!