एका हाताचा मेजर आणि कोलोरॅडोच्या घळया

अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, ऐन वाळवंटात, तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमध्ये निळेशार पाणी साठलेले आहे. काठोकाठ भरला तर हा जलाशय सुमारे तीनशे किलोमीटर लांब पसरतो आणि शेकडो वाकणांमुळे त्याचा किनारा तीन हजार किलोमीटरहून अधिक भरतो. पर्यटकांच्या दुमजली हाउसबोटी मुख्य प्रवाहातच फिरतात. पण या जलाशयाचे खरे रूप पाहायचे तर लहान होडीच हवी. ती बाजूच्या चिंचोळ्या घळयांत शिरते. वळणागणिक दोन्ही कडे जवळ येऊ लागतात, आकाशाची नुसती एक पट्टी उरते आणि वल्ह्याचा आवाज भिंतींवर आदळून परत येतो. मात्र उघड्या पाण्यावर वारा उठला की याच होडीची परीक्षा असते. कडे सरळ पाण्यात उतरलेले, होडी लावायला जागा मैलोन् मैल सापडत नाही.

या जलाशयाचे नाव लेक पॉवेल. ज्या जॉन वेस्ली पॉवेलचे हे नाव, त्याने हा जलाशय कधी पाहिला नाही. त्याने पाहिली ती इथून वाहणारी मोकळी नदी. तीही लाकडी होडीतून आणि एकच हात शाबूत असताना.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. ओहायोतील जॅक्सन गावी या मतांची झळ घरातल्या मुलाला बसली; शाळेतील मुले त्याला दगड मारू लागली. तेव्हा जॉर्ज क्रुकहॅम नावाच्या एका वयस्कर, स्वयंशिक्षित निसर्ग-अभ्यासकाने त्याला आपल्याकडे शिकवायला घेतले. दगड, वनस्पती, शिंपले यांची गोडी लागली ती तिथेच. पुढे कुटुंब विस्कॉन्सिनला आणि नंतर इलिनॉयला गेले. पॉवेलने तीन महाविद्यालयांत पाय ठेवला, पदवी मात्र एकाही ठिकाणी घेतली नाही. त्याचे विद्यापीठ म्हणजे नद्या. १८५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो मिसिसिपी नदीतून एकट्याने होडी वल्हवत समुद्रापर्यंत गेला. पुढच्या वर्षी ओहायो नदी पालथी घातली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि पॉवेल उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी त्याने एम्मा डीन या आपल्या नात्यातील मुलीशी विवाह केला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या रणभूमीवर तोफांना मारा करण्याची खूण देण्यासाठी त्याने उजवा हात वर केला आणि त्याच हातात गोळी घुसली. हात कोपराजवळून कापावा लागला. त्याची शुश्रूषा एम्माने केली. एवढ्यावर घरी परतण्याची मुभा होती; पॉवेल परत तोफखान्यात गेला, व्हिक्सबर्गच्या वेढ्यात लढला आणि मेजर होऊनच बाहेर पडला. तुटलेल्या हाताच्या नसांची वेदना मात्र जन्मभराची सोबतीण झाली.

युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. फळ्यासमोर रमणारा हा माणूस नव्हे. १८६७ आणि १८६८ च्या उन्हाळ्यांत तो विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला. लाँग्ज पीक या शिखराची पहिली नोंदलेली चढाई २३ ऑगस्ट १८६८ रोजी त्याच्याच तुकडीने केली. तेथून दिसणाऱ्या नद्यांनी त्याच्या मनात एक विचार पेरला. ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या पठार कापून जिथून वाहतात, तो शेकडो मैलांचा प्रदेश तत्कालीन नकाशांवर जवळजवळ कोराच होता. तिथे प्रचंड धबधबे आहेत, नदी जमिनीच्या पोटात शिरते, अशा वदंता होत्या.

मे १८६९ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि शिकागोत बांधलेल्या चार होड्या रेल्वेने वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्थानकात उतरल्या. तीन ओक लाकडाच्या, एकवीस फुटी. चौथी पाइनची, सोळा फुटी आणि हलकी. तिचे नाव ‘एम्मा डीन’. मेजर स्वतः या होडीत पुढे राहणार आणि धोका दिसताच निशाणाने खूण करणार, अशी योजना होती. सोबत नऊ माणसे होती : धाकटा भाऊ वॉल्टर, काही शिकारी, माजी सैनिक, एक मुद्रक. यांपैकी एकालाही खळाळत्या पाण्यातून होडी काढण्याचा अनुभव नव्हता. होड्यांची बांधणीही संथ पाण्याला साजेशी; शिवाय वल्हवणाऱ्यांची तोंडे मागे, म्हणजे ज्या खडकावर आदळायचे तो खडक त्यांना दिसतच नसे! तरंगण्यासाठी हवा भरण्याचे एकच रबरी जाकीट होते, तेही मेजरसाठी.

२४ मे रोजी दहा महिन्यांचा शिधा घेऊन हा काफिला निघाला. पंधरवडा उलटतो तोच लोडोर घळईत ‘नो नेम’ ही होडी खडकावर फुटून तिचे तुकडे झाले. तिच्यातील तिघे कसेबसे वाचले. बराचसा शिधा आणि तिघांचे कपडे मात्र वाहून गेले. मेजरला चिंता होती ती उंची मोजण्याच्या बॅरोमीटरची. दुसऱ्या दिवशी खडकात अडकलेल्या अवशेषांतून ते सुखरूप निघाले. सोबत निघाले मद्याचे एक पिंपही, जे माणसांनी मेजरच्या नकळत चढवले होते. मेजरने त्यावर राग धरला नाही. काही दिवसांनी एका कड्यावर चढताना पॉवेल असा अडकला, की एका हाताने वर जाता येईना आणि खालीही उतरता येईना. वर पोहोचलेल्या जॉर्ज ब्रॅडलीपाशी दोर नव्हता. त्याने आपली तुमान काढून खाली सोडली आणि मेजर त्या तुमानीला धरून वर आला.

जुलैच्या प्रारंभी फ्रँक गुडमन या सहकाऱ्याने मोहीम सोडली. उरलेले नऊ जण कॅटरॅक्ट घळईचे तांडव पार करून जुलैअखेर शांत पाण्यात आले. इथे कडे गोलसर होते, कपारींतून झरे पाझरत होते, नेचे आणि झुडपे वाढलेली होती. या भागाला पॉवेलने ग्लेन कॅन्यन असे नाव दिले. तेथे एका विशाल कपारीत त्यांनी मुक्काम केला. वॉल्टर गायला लागला आणि दगडी छताखाली त्याचा स्वर असा घुमला, की मेजरने त्या जागेला संगीत मंदिर हे नाव बहाल केले. ओरामेल व सेनेका हे हाउलँड बंधू आणि विल्यम डन या तिघांनी तिथल्या भिंतीवर आपली नावे कोरली. या तिघांची कथा पुढे यायची आहे.

ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यन सुरू झाली. खारवलेले मांस सडून फेकावे लागले होते. पीठ भिजून आंबलेले, बाकी सुकी सफरचंदे आणि कॉफी. दिवसभर दोरांनी होड्या खडकांवरून उतरवायच्या, रात्री पावसात भिजत झोपायचे. २७ ऑगस्टला समोर असा प्रपात आला, की आतापर्यंतचे सारे सौम्य वाटावेत. त्या रात्री ओरामेल हाउलँड मेजरकडे आला आणि नदी सोडून वर चढून जाण्याचा विचार त्याने मांडला. मेजर रात्रभर झोपला नाही. त्याने अंतराचे गणित केले. मुक्काम फार दूर नाही असे त्यातून निघाले, पण ते सिद्ध कसे करणार? सकाळी हाउलँड बंधू आणि डन वेगळे झाले. नोंदींची एक प्रत, काही पत्रे आणि बंदुका त्यांच्यासोबत दिल्या. होड्या वल्हवायला माणसे पुरेनात म्हणून ‘एम्मा डीन’ तिथेच सोडून द्यावी लागली. उरलेल्या सहा जणांनी दोन होड्यांतून तो प्रपात पार केला. काही मिनिटांचेच काम ठरले ते. मागच्यांनी परतावे म्हणून त्यांनी बंदुकीचे बार काढले. कोणी आले नाही. दुसऱ्याच दिवशी नदी कड्यांतून बाहेर पडली आणि ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी मॉर्मन वस्तीतील माणसे भेटली. मोहिमेचे अवशेष वाहत येतात का यावर लक्ष ठेवण्यास त्यांना सांगितलेले होते.

वर चढून गेलेले तिघे मारले गेले. १८७० मध्ये पॉवेल स्वतः शिव्हविट्स आदिवासींकडे गेला. एका स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या खाणकामगारांऐवजी आपल्या लोकांनी चुकून यांना मारले, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते मानले आणि सूडाची भाषा केली नाही. हत्या मॉर्मनांनी केली असावी, असा तर्क पुढील काळात मांडला गेला. वाद अजून मिटलेला नाही. डन आणि मेजर यांच्यात आधीच खटके उडाले होते, असेही काही सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले.

पॉवेल एका रात्रीत राष्ट्रीय वीर झाला. १८७१-७२ मध्ये तो सरकारी मदतीने पुन्हा नदीत उतरला, या वेळी होडीवर खुर्ची बांधून. मोजणीचे खरे शास्त्रीय काम याच दुसऱ्या मोहिमेत, विशेषतः मेव्हणा अ‍ॅलमन थॉम्प्सन याच्या हातून झाले. तथापि, १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या अहवालात पॉवेलने दोन्ही मोहिमांतील घटना १८६९ च्या एकाच प्रवासात गुंफल्या आणि दुसऱ्या मोहिमेतील सहकाऱ्यांची नावेसुद्धा दिली नाहीत. पॉवेलच्या चाहत्यांना याचे समर्थन करणे आजवर जमलेले नाही. ग्रँड कॅन्यनच्या काठावर त्याचे स्मारक उभारले गेले, तेव्हा निघून गेलेल्या चौघांची नावेही त्यावरून वगळण्यात आली. हाउलँड बंधू आणि डन यांनी तीन महिने जी वल्ही मारली, त्यांची नोंद त्या दगडावर नाही.

पण पॉवेलचे मोठेपण केवळ साहसात शोधणे अपुरे ठरेल. घळयांतून तो एक प्रश्न घेऊन बाहेर पडला होता : या कोरड्या देशात माणसे जगणार कशी? शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो आणि एवढ्यावर शेती बेभरवशाची, हे त्याने १८७८ च्या अहवालात मांडले. सरकार प्रत्येकाला १६० एकर जमीन देत होते. पॉवेलच्या मते ओलिताला ८० एकर पुरे होते आणि चराऊ रानाला किमान २,५६० एकर हवे होते. पाण्याचा हक्क जमिनीशी जोडावा, प्रशासनाच्या सीमा नदीखोऱ्यांप्रमाणे आखाव्यात आणि पाण्याचे नियोजन तिथल्या शेतकऱ्यांनीच करावे, असा त्याचा आग्रह होता. काँग्रेसने तो ऐकला नाही.

१८७९ मध्ये तो आदिवासी जमातींच्या भाषा व चालीरीती नोंदवणाऱ्या ब्यूरो ऑफ एथ्नॉलॉजीचा पहिला संचालक झाला आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. १८८१ पासून भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागही त्याच्याकडे आला. देशाच्या उंचसखलतेचे नकाशे करण्याचे प्रचंड काम त्याने हाती घेतले. १८८८ मध्ये सिंचनाच्या पाहणीचे काम मिळाले आणि इथेच ठिणगी पडली. पाहणी पूर्ण होईपर्यंत जमिनीचे वाटप थांबले, तेव्हा नेव्हाडाचे सिनेटर विल्यम स्ट्युअर्ट आणि जमिनीवर डोळा असलेली मंडळी खवळून उठली. १८९० मध्ये या पाहणीचा निधी तोडण्यात आला. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेलने सांगितले, की पश्चिमेतील सगळ्या जमिनीला पुरेल एवढे पाणीच नाही आणि हक्कांच्या भांडणांचा वारसा आपण पुढच्या पिढ्यांसाठी रचत आहोत. सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने सर्वेक्षणाचे पद सोडले. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यातील हेवन येथे त्याचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

१९२२ च्या करारात कोलोरॅडोचे पाणी सात राज्यांत वाटून घेतले गेले. ज्या वर्षांचा प्रवाह आधार मानला, ती नेमकी भरघोस पावसाची होती. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागले. जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला तो १९८० मध्ये. पॉवेलच्या नावाच्या पाण्याखाली पॉवेलनेच नाव दिलेली घळई गेली. संगीत मंदिर बुडाले आणि त्याच्या भिंतीवरची ती तीन नावेही. धरणांना त्याचा तात्त्विक विरोध नव्हता, हे खरे. त्याला ती वरच्या अंगाला, शेतीजवळ हवी होती. या एका धरणावरून त्याला निसर्गरक्षकांच्या किंवा अभियंत्यांच्या गटात बसवण्याची घाई करू नये.

२००० नंतरच्या दीर्घ अवर्षणाने हिशेब उघडा पडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जलाशयात क्षमतेच्या एक चतुर्थांशाहूनही कमी पाणी होते. तांबड्या कड्यांवर क्षारांचा पांढरा पट्टा उमटला, त्याची उंची दहा-बारा मजली इमारतीपेक्षाही अधिक होती. वाटपाचे २००७ मध्ये ठरलेले नियम २०२६ अखेरपर्यंतच लागू आहेत. त्यापुढचे वाटप कसे व्हावे, यावर सात राज्यांची ओढाताण बराच काळ चालली.

पाणी उतरले तसे लहान होड्यांचे मार्गही बदलले. एस्कलांटेच्या घळईतून आत गेलेल्यांना होडी चिखलात लावून पुढे पायी जावे लागले, आणि कॅथीड्रल इन द डेझर्ट या दगडी गाभाऱ्यातील छोटा धबधबा, जो दशकानुदशके पाण्याखाली होता, पुन्हा वाहताना दिसला. संगीत मंदिर मात्र बुडालेलेच राहिले.