नात्याचे चिंतामणराव : रुपयाचा हिशेब जगापुढे मांडणारा आपल्या मातीतला माणूस

महाड/रोहा : महाडहून किल्ले रायगडाकडे जाताना रस्त्यात नाते गाव लागतं. गाडीवाले दोन मिनिटं थांबतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. याच गावात १४ जानेवारी १८९६ रोजी ज्या मुलाचा जन्म झाला, तो पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, हे आजच्या कित्येक पोरांना माहीत नाही. त्या मुलाचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

वडील वकील. बालपण गेलं रोह्यात, कुंडलिकेच्या काठी. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे इंग्लंडला केंब्रिजला गेले. तिथे शिकले वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरीला लागले. तिथे जमीन महसूल, बंदोबस्त ही कामं केली. सातबारा आणि सारा म्हणजे काय, हे त्यांनी गावोगाव फिरून पाहिलेलं होतं.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. दोनच वर्षांत डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर जेम्स टेलर यांचं निधन झालं आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव त्या खुर्चीवर बसले. देशात इंग्रजांचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं आणि बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मरत होती.

नोटा वाढल्या, माल नाही

त्या काळातला पेच समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटिश सरकार युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, ताग असं सगळं उचलत होतं. त्याचे पैसे मात्र इथे रोख मिळत नव्हते. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावावर पौंड जमा व्हायचे आणि त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयाच्या नोटा छापायची. म्हणजे माल बाहेर गेला आणि गावात आल्या नुसत्या नोटा. युद्धाआधी देशात चलनात असलेल्या नोटा दोनशे कोटींच्या आत होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या हजार कोटींच्या वर गेल्या. भाव दुपटीहून जास्त चढले. ज्याच्या कणगीत दाणा होता तो कसाबसा तगला. हातावर पोट असलेला मजूर भरडला गेला.

नोटा जास्त आणि माल कमी झाला की महागाई येणारच, आणि तिचा पहिला घाव गरिबावर बसतो, हे चिंतामणराव ओळखून होते. युद्धाचा खर्च किती करायचा हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. तो निर्णय लंडन आणि दिल्लीत व्हायचा. पण जेवढं हातात होतं तेवढं झालं. लोकांकडचा जादा पैसा परत ओढण्यासाठी सरकारी कर्जरोखे विकले गेले, कर वाढले. दोस्त राष्ट्रांच्या वतीनं रिझर्व्ह बँकेनं बाजारात सोनंसुद्धा विकलं.

जगाच्या बैठकीत आपली बाजू

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथेच घातला गेला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख ब्रिटिश अर्थ सदस्य जेरेमी रेसमन होते, पण चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी देशाची बाजू जोरात लढवली.

त्यांचे मुद्दे सरळ होते. लंडनमध्ये अडकलेला आपला पैसा मोकळा करण्याची काही सोय नव्या व्यवस्थेत व्हावी. नाणेनिधीत हिंदुस्थानला त्याच्या आकाराला शोभेल असा वाटा मिळावा. आणि या संस्थांनी फक्त युद्धात मोडलेल्या युरोपकडे न बघता गरीब देशांच्या विकासाकडेही बघावं.

पहिली मागणी फेटाळली गेली. इंग्लंडने तो विषय आपसात मिटवू असं सांगून बाजूला सारला. पण हिंदुस्थानचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर सहावा. रशिया नाणेनिधीत आलाच नाही, त्यामुळे आपण पहिल्या पाचांत गेलो आणि कार्यकारी मंडळावर आपली जागा पक्की झाली. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता.

लंडनमधला आपला साठा १९४६ पर्यंत सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेला होता. सावकार गरीब आणि कर्जदार बलाढ्य, असा उलटा प्रकार. ही रक्कम बुडवावी किंवा कमी करावी, असा सूर इंग्लंडमध्ये निघत होता. पण ती अर्धपोटी राहिलेल्या लोकांच्या घामाची होती. ती बुडाली नाही. १९४७ पासून करार होत गेले आणि पैसा टप्प्याटप्प्यानं सुटला. बाहेरून धान्य आणायला तो कामी आला. त्याच वर्षी कायदा बदलून रुपयाची पौंडाशी बांधलेली गाठही सोडवण्यात आली.

फाळणीनंतर काही महिने रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचंही चलन सांभाळत होती. तोही व्याप त्यांनी निभावला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली आणि ३० जूनला ते गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी जागतिक बँकेकडून भारताला पहिली कर्जं मिळाली. एक रेल्वेसाठी, दुसरं शेतीच्या यंत्रांसाठी. विकासाचा जो मुद्दा ब्रेटन वूड्सला मांडला होता, त्याचं फळ असं दिसू लागलं.

खुर्ची सोडली

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ ला कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून गेले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात. बँक खेड्यापर्यंत पोचावी हा त्यामागचा हेतू होता. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्यांनीच केलं.

मग १९५६ साल आलं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मुंबईत गोळीबार झाला, माणसं मेली. चौकशीची मागणी मान्य झाली नाही. चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत त्याची कारणं उघड सांगितली. पंतप्रधान नेहरूंसमोर असं बोलायला छाती लागत होती.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद अशी कामं त्यांनी केली. १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ ला त्यांना आणि पत्नी दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. एवढ्या व्यापात त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.

आज बाजारात तेलाचा डबा महागला, खताची गोणी वाढली की आपण दुकानदारावर चिडतो. त्या भावामागे नोटा, डॉलर आणि परदेशातले निर्णय असतात. हा धागा ज्यांनी सगळ्यात आधी हातात धरला, त्यांत आपल्या नात्याचा माणूस होता. रायगड चढायला निघालेल्यांनी पुढच्या वेळी त्या चहाच्या टपरीवर पोराबाळांना एवढं तरी सांगावं.