गुलाम म्हणून जन्मला, जनरल झाला आणि ऐन युद्धात बुडालेला कॉफीचा धंदा उभा केला

आज कॉफी म्हटलं की ब्राझील आठवतं, आपल्याकडचं चिकमंगळूर आठवतं. पण १७८९ च्या सुमारास जगातली निम्म्याहून जास्त कॉफी एकाच छोट्या वसाहतीतून यायची. कॅरिबियन समुद्रातली फ्रेंचांची सँ-दोमँग, म्हणजेच आजचा हैती.

या वसाहतीत राबत होते जवळपास पाच लाख गुलाम. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं आणि त्यांची मुलं. त्यांच्यातलाच एक जण पुढे या वसाहतीचा सर्वेसर्वा झाला. त्याचं नाव तुसाँ लूव्हर्तूर.

तुसाँचा जन्म १७४३ च्या आसपासचा, ब्रेदा नावाच्या उसाच्या मळ्यावरचा. लहानपणी जनावरं राखायची, मोठेपणी घोडागाडी हाकायची, हे त्याचं काम. १७७० च्या दशकात त्याला गुलामीतून मुक्तता मिळाली. १७७९ साली त्याने जावयाकडून कॉफीचा एक छोटा मळा खंडाने घेतला. त्या मळ्यासोबत १३ गुलामही होते. म्हणजे कालपर्यंत स्वतः गुलाम असलेला माणूस आता गुलामांकडून कॉफी पिकवून घेत होता.

तुसाँच्या आयुष्यातला हा तिढा शेवटपर्यंत सुटला नाही.

बंड झालं, मळे जळाले

ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. उत्तरेकडच्या सपाट भागातले उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने पेटले. तुसाँ बंडखोरांना मिळाला. ब्रिटन आणि स्पेनने संधी साधून वसाहतीत सैन्य घुसवलं. तुसाँ आधी स्पेनच्या बाजूने लढला. पण १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली आणि त्याच वर्षी तो फ्रान्सच्या बाजूला आला. १७९८ मध्ये ब्रिटिशांनी काढता पाय घेतला, तेव्हा वसाहतीत सगळ्यात ताकदवान माणूस तोच होता.

पण तिजोरी रिकामी होती. सैन्य पोसायचं, बंदुका आणि दारूगोळा घ्यायचा, तर पैसा हवा. गुलामगिरी परत येऊ द्यायची नसेल तर सैन्य हवंच. मग पैसा आणायचा कुठून?

उत्तर होतं कॉफी.

साखर नाही, कॉफीच का?

साखरेला चरक लागतो, रस आटवायच्या भट्ट्या लागतात, पाटाचं पाणी लागतं. त्यातलं बरंच काही उद्ध्वस्त झालं होतं. कॉफीची झुडपं मात्र डोंगरउतारावर होती. फळं तोडायची, वाळवायची, टरफल काढायचं, एवढं जमलं की माल तयार. त्यामुळे कॉफी लवकर सावरली.

आता गिऱ्हाईक हवं होतं. फ्रान्सशी समुद्रात वैर असलेल्या अमेरिका आणि ब्रिटन या दोघांशीही तुसाँने १७९९ मध्ये परस्पर करार केले. कागदोपत्री तो फ्रान्सचा जनरल होता, तरी धंदा फ्रान्सच्या शत्रूंशी चालू होता. अमेरिकी जहाजं पीठ, खारवलेलं मांस आणि दारूगोळा आणायची आणि जाताना कॉफी, साखर भरून न्यायची. पुढे दक्षिणेतला प्रतिस्पर्धी रिगो याच्याशी युद्ध झालं, तेव्हा अमेरिकी युद्धनौकेने तुसाँच्या बाजूने तोफाही डागल्या.

आकडे बघा. १७८९ मध्ये वसाहतीतून सुमारे ७.७ कोटी पौंड कॉफी बाहेर गेली होती. दहा वर्षांच्या जाळपोळीनंतर, १८०१ मध्ये हा आकडा पुन्हा ४.३ कोटी पौंडांवर पोचला. साखर मात्र जुन्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही.

पण राबलं कोण?

स्वतंत्र झालेल्या लोकांना पुन्हा मळ्यावर जायचं नव्हतं. त्यांना स्वतःचा जमिनीचा तुकडा आणि घरापुरतं पीक हवं होतं. तुसाँला मात्र निर्यात हवी होती. ऑक्टोबर १८०० मध्ये त्याने फर्मान काढलं, की मजुरांनी आपापल्या मळ्यावर सैनिकी शिस्तीत काम करायचं आणि परवान्याशिवाय मळा सोडायचा नाही. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरांना मिळणार होता, पण पळून गेलेल्याला सैनिक धरून आणत. १८०१ मध्ये आणखी एक नियम आला. साधारण १६० एकरांपेक्षा छोटी जमीन विकत घ्यायलाच बंदी झाली.

म्हणजे ज्यांनी साखळ्या तोडल्या, त्यांचा जमीनमालक व्हायचा रस्ता त्यांच्याच नेत्याने बंद केला.

त्याच वर्षी उत्तरेत मजुरांचं बंड झालं. त्यात तुसाँने पुतण्या मानलेला जनरल मोईझ याचं नाव आलं. मजुरांवरच्या सक्तीला त्याचा विरोध होता. तुसाँने त्याला गोळ्या घालायला लावल्या.

याची किंमत लगेच मोजावी लागली. फेब्रुवारी १८०२ मध्ये नेपोलियनचा मेहुणा लक्लेर त्याने दिलेलं मोठं सैन्य घेऊन वसाहतीत उतरला. तुसाँने लढा दिला, पण नाराज झालेले मजूर पूर्वीसारखे त्याच्यामागे उभे राहिले नाहीत. एकेक जनरल फुटला. मे महिन्यात तह झाला आणि जूनमध्ये बोलणी करायला बोलावून त्याला कैद केलं. फ्रान्समधल्या थंडगार डोंगरातल्या जू किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो गेला.

इकडे फ्रेंच गुलामगिरी परत आणणार हे कळल्यावर लोक पुन्हा पेटून उठले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

पुढे लोक डोंगरात पांगले आणि छोट्या छोट्या तुकड्यांवर घरच्या भाजीपाल्यासोबत कॉफी पिकवू लागले. एकोणिसाव्या शतकात हैतीची मुख्य निर्यात कॉफीच राहिली. तुसाँला ती मोठ्या मळ्यांवर हवी होती, पण टिकली ती लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर.