अंगणात उतरलेली शाळा

मन्याड नदीच्या काठचे कंधार असो की लातूरकडचे एखादे आडवळणाचे खेडे, अंगणवाडी कोठे आहे असे विचारले तर शेंबडे पोरही बोट दाखवील. हा शब्द मराठवाड्याच्या मातीत इतका मुरला आहे की, तो सरकारी योजनेबरोबरच आला असावा, अशी बहुतेकांची समजूत असते. योजना १९७५ सालची. शब्द आणि त्यामागची कल्पना मात्र त्याच्या कितीतरी आधीची, डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावातली. ज्यांच्या खटपटीतून ती जन्मली त्या ताराबाई मोडक यांचे नाव आज अंगणवाडीच्या पाटीवर कोठे दिसत नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. सुधारकी वळणाच्या या घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या असत. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला. परंतु संसार फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन लहान मुलीसह स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मान होता, पगार होता, निवृत्तीपर्यंतची निश्चिंतीही होती.

ही निश्चिंती त्यांनी दोन वर्षांतच सोडली. मुलीला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्न त्यांना भेडसावत होता आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिराविषयी त्यांच्या वाचनात आले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया मॉन्टेसरींच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून मुलांत रमले. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असे लाडके नाव दिले. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या.

भावनगरच्या वर्गात छडी नव्हती, परीक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. शिक्षेइतकेच बक्षीसही मुलाला बिघडवते, हा विचार आजच्या पालकांनाही पचायला जड जाईल. मूल स्वतः साधन निवडी, हवे तितका वेळ त्याच्याशी खेळे आणि चूक झाली तर ती साधनावरूनच त्याच्या ध्यानात येई. गिजुभाईंनी मॉन्टेसरींच्या चौकटीत गोष्ट, गाणे आणि नाटक यांची भर घातली. ताराबाईंनी त्याला शास्त्राची शिस्त आणि लेखणीची जोड दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंबरोबर त्या गुजराती ‘शिक्षणपत्रिका’ चालवीत होत्याच. १९३३ मध्ये तिची मराठी आवृत्ती निघाली. मुलांना मारू नये, त्यांना भुताची भीती घालू नये, जेवताना बळजबरी करू नये, असल्या साध्या गोष्टी मराठी आईबापांना सांगण्याचे काम या पत्रिकेने वर्षानुवर्षे केले.

त्यानंतर त्या मुंबईत आल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला आणि त्याला जोडून बालशिक्षकांना तयार करण्याचे काम उभे राहिले. शाळा नावारूपास आली. सुशिक्षित पालक मुलांना आवर्जून तेथे पाठवू लागले. एखाद्या शिक्षणतज्ज्ञाचे चरित्र येथे सुखाने संपू शकले असते.

ताराबाईंना मात्र येथेच खरा प्रश्न दिसला. मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. भारतात मात्र त्यांची पद्धत फी परवडणाऱ्यांच्या घरी जाऊन बसली होती. लाकडी मनोरे, दट्ट्यांचे ठोकळे, रंगपट्ट्या अशी साधने महाग. फरशीच्या खोल्या, छोटी टेबले, प्रशिक्षित बाई हा थाट खेड्याला परवडणारा नव्हता. आनंदाने शिकणे हा फी भरणाऱ्यांच्या मुलांचाच हक्क असेल तर ते शास्त्र कसले? महात्मा गांधींच्या नई तालीमचा विचारही याच सुमारास पूर्वप्राथमिक वयाकडे वळला होता. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षणसेवकांमुळे ही भूमी कामाला अनुकूल झाली होती. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताईंनी पुढची सारी हयात या कामाला वाहिली.

बोर्डीत बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, हा समज लवकरच दूर झाला. वरच्या आळीची मुले येत; दलित वस्तीतील मुले फिरकत नसत. तेव्हा त्यांची वाट पाहत न बसता शिक्षिकाच वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी दारातले अंगण झाडून घ्यायचे, मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी-गोष्टींना आरंभ करायचा. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. ते अंमलात आणायला मात्र जातीची आणि अस्वच्छतेची शिसारी दोन्ही गिळावी लागत.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. समुद्रकाठचे शिंपले लहान-मोठे लावून मुले आकार शिकली, चिंचोके मोजून अंक शिकली. पाने, बिया, खडे, माती आणि बांबू यांतून रंग, स्पर्श, वजन, सारे काही शिकवता येऊ लागले. मॉन्टेसरींचे तत्त्व तेच राहिले, फक्त दुकानाची गरज उरली नाही. यात काटकसर होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेड्यातल्या मुलाच्या हाती रोजची ओळखीची वस्तूच अभ्यासाची वस्तू होऊन येत होती.

१९५७ च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता समोर वारली मुले होती आणि अडचणी निराळ्या होत्या. मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे, म्हणून ती शाळेला येत नसे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात आणि थोरली वर्गात. विकासवाडी ती हीच. मुलगे गुरांमागे रानात जात, तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गळतीची कारणे शोधणाऱ्या समित्या पुढे पुष्कळ झाल्या. कोसबाडला त्यांचे उत्तर त्याआधीच सापडले होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, टेकडी सोडली नाही.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. पोषण, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे मोलाचीच. तथापि त्या भारात गाणी, गोष्टी आणि चिंचोके मागे पडले, हे नाकारता येणार नाही. शहरांतून मॉन्टेसरींच्या नावाच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या आणि तीन वर्षांच्या मुलाला तेथे गृहपाठ मिळू लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयोगट शालेय शिक्षणाच्या आकृतिबंधात आणला आणि खेळातून शिक्षणाची कामगिरी अंगणवाडीवरही सोपवली. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ पासून कोसबाड पालघर जिल्ह्यात गेले आहे. ज्या अंगणात ही वाडी पहिल्यांदा भरली ते बोर्डीही त्याच जिल्ह्यात, टेकडीपासून थोड्याच अंतरावर, समुद्राच्या काठी आहे.