गल्लीतल्या माणसांचा चित्रकार : रावबहादूर धुरंधर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा पहिला विचार शाळेच्या आठवणींचाच होता. पण पटांगण, घंटा, गॅदरिंग आणि शेवटच्या बाकावरच्या खोड्या यांवर आपल्या १९७९ च्या तुकडीतले किमान दहा जण लिहिणार, हे मला ठाऊक आहे. आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी आपल्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात एकदा सांगितलेल्या एका माणसाविषयी लिहायचे ठरवले. आपल्या शाळेशी त्याचा काही संबंध नाही. पण आपण ज्या गिरगावात वाढलो, त्या गिरगावाशी, त्या मुंबईशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तो माणूस म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना आठवत असेल, मेमरी ड्रॉइंगच्या तासाला सर आपल्याला निसर्गचित्र काढू देत नसत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक झोपडी हे चित्र वर्गातल्या साठही मुलांना पाठ होते. सर म्हणायचे की डोंगर तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे? नळावरची रांग काढा, इस्त्रीवाला काढा, जिन्यात भाजी निवडत बसलेल्या बायका काढा. आम्हाला तेव्हा हे अन्यायाचे वाटे. माणूस काढणे अवघड, डोंगर सोपा. अशाच एका तासाला सरांनी धुरंधरांचे नाव सांगितले. पुढे मी जे. जे.च्या उपयोजित कलेच्या शाखेत गेलो, जाहिरातीच्या धंद्यात आयुष्य काढले, आणि या नावाची भेट पुन्हा पुन्हा होत राहिली. जे काही वाचले आणि पाहिले, त्यातून हा माणूस जसा समजला तसा सांगतो.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरचा. घराणे पाठारे प्रभूंचे, म्हणजे मुंबईच्या अगदी जुन्या रहिवाशांपैकी. ठाकूरद्वार, गिरगाव, भुलेश्वर या भागात या समाजाची जुनी वस्ती. शालेय शिक्षण मात्र कोल्हापुरात झाले. चित्रकलेची ओढ लहानपणापासून होती, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८९० च्या जानेवारीत, ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्यानंतर ते तिथून बाहेर पडले ते १९३१ साली, निवृत्त होऊनच. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग वरच्या जागा. एकाच संस्थेत एकेचाळीस वर्षे. म्हणूनच १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे.

हे स्कूल ऑफ आर्ट कुठे आहे ते आपल्याला सांगायला नको. क्रॉफर्ड मार्केटच्या समोर. मला वाटते, धुरंधरांच्या चित्रकलेचे निम्मे रहस्य या पत्त्यातच आहे. शाळेच्या आत त्या काळी सगळे शिक्षण विलायती पद्धतीचे. प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास करायचा, शरीराची मापे घोटायची, यथार्थदर्शन शिकायचे. प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स, ज्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की मुंबई सुरू. डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल, कोळणी, घोड्यांच्या ट्राम, पारशी, बोहरी, मारवाडी, भय्ये, अरब. एवढ्या तऱ्हेच्या पगड्या आणि एवढ्या तऱ्हेची लुगडी एका चौकात पाहायला मिळतील अशी जागा त्या वेळी हिंदुस्थानात फार थोडी असतील. आत हाताला शिस्त लागली, बाहेर डोळ्यांना खाद्य मिळाले.

पाच वर्षांतच त्याचे फळ दिसले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या एका तैलचित्राला सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळालेले पहिले भारतीय चित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. चित्राचे नाव इंग्रजीत होते, पण त्याचा अर्थ अगदी घरगुती : लक्ष्मी, आलीस का? एखाद्या वाड्याच्या दारात कानावर पडावे असे हे नाव. त्या काळात बक्षिसे मिळवायची तर पुराणातले प्रसंग आणि राजेरजवाडे हा हमखास मार्ग होता. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला होता आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर चढत होत्या. धुरंधरांना रविवर्म्यांविषयी आदर होता, आणि पुढे त्यांनीही देवादिकांची आणि पुराणातली चित्रे भरपूर काढली, त्यांच्याही चित्रांच्या छापील प्रती खपल्या. पण त्यांचा हात सर्वांत मोकळा होई तो साध्या माणसांपाशी.

मुंबईतली ही साधी माणसे सर्वांत जास्त भेटतात ती १९१२ साली निघालेल्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात. त्याचे लेखक एस. एम. एडवर्ड्स हे तेव्हा मुंबईचे पोलीस कमिशनर होते. शहराचे गॅझेटियर लिहिणारे अभ्यासू गृहस्थ, पण या पुस्तकात त्यांनी हमरस्ता सोडून गल्ल्याबोळ धरले. मोहरमचे दिवस, अफूचे आणि कसुंब्याचे अड्डे, सिद्दी लोकांचे नाच, गाणाऱ्या बायका, गणेशचतुर्थी. चित्रे धुरंधरांची. विषय असे की चित्रकाराने थोडा जरी तोल सोडला तरी तमाशा व्हावा. साहेबाच्या देशातल्या वाचकांना पूर्वेची गूढ मजा दाखवणारी चित्रे काढणे सोपे होते, आणि पुस्तकाच्या मजकुरात तसा सूर अधूनमधून लागतोही. धुरंधरांच्या रेषेत तो कमी लागतो. त्यांची माणसे आपल्या कामात असतात, कोणाला दाखवण्यासाठी उभी नसतात.

याच सुमारास सी. ए. किंकेड यांचे 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे पुस्तक १९१४ मध्ये आले. आपल्या आज्या श्रावणात ज्या कहाण्या सांगत, त्या इंग्रजीत सांगणारे. तेही धुरंधरांनीच सजवले. मग १९२० मध्ये ऑटो रॉथफील्ड यांचे 'विमेन ऑफ इंडिया' आले. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. मी हे पुस्तक प्रथम पाहिले ते कामाच्या निमित्ताने. एका साडीच्या जाहिरातीसाठी जुने पेहराव शोधत होतो. सकाळी उघडलेले पुस्तक संध्याकाळी मिटले आणि जाहिरातीचे काम दुसऱ्या दिवसावर गेले.

या ४८ चित्रांवर जरा थांबतो, कारण धुरंधरांचे मोठेपण आणि त्यांच्यापुढचा पेच, दोन्ही इथे दिसतात. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे नमुने गोळा करून त्यांचे आल्बम करण्याची इंग्रज अधिकाऱ्यांना हौस होती. फुलपाखरे टाचणीने टोचून ठेवावीत तशी माणसे : ही अमुक जात, हा तमुक धंदा. रॉथफील्ड यांचे पुस्तक त्याच परंपरेतले. धुरंधरांना काम मिळाले ते असे नमुने काढण्याचे. त्यांनी खोजा स्त्री काढली, पाठारे प्रभू स्त्री काढली, मोच्याची बायको काढली, गिरणीत राबणारी बाई काढली. पेहरावात चूक नाही. लुगडे कुणाचे गुडघ्यापर्यंत कसलेले, कुणाचे घोट्यापर्यंत सोडलेले, कुणाचा पदर डोक्यावर, कुणाचा कमरेला, हे सगळे बिनचूक. कारण यातल्या कितीतरी बायका त्यांनी रोज पाहिलेल्या होत्या. पण गिरणीतल्या बाईपाशी आलो की मला वाटते, ही टाचणीने टोचलेली नाही. ही चालत आहे. भोंगा झाला आहे, घरी जाऊन चूल पेटवायची आहे. ती जातीचा नमुना म्हणून मागवली होती, आणि धुरंधरांनी शेजारीण पाठवली.

हे माझे वाचन आहे, याच्याशी सगळे सहमत होतील असे नाही. आपल्यापैकी जे इतिहासाचे प्राध्यापक झाले ते म्हणतील की शेवटी काम साहेबाचेच होते. खरे आहे. पण चित्रकाराला काम कोण देतो एवढ्यावर चित्र संपत नाही, हे मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाने चित्रे काढून शिकलो आहे. साबणाच्या जाहिरातीतली आई काढतानाही कोणाची तरी खरी आई डोळ्यांपुढे असली तर ती कागदावर उतरते.

हे सोडून त्यांनी किती काम केले याची मोजदाद कठीण आहे. पोस्टकार्डे काढली, आणि त्यांत मुंबईची नेहमीची माणसे थोड्या मिश्कील नजरेने टिपली. आपल्या समाजातल्या लग्नसोहळ्यांची मोठी तैलचित्रे केली, ज्यांत दागिने, शालू, मुंडावळ्या, पाहुण्यांची दाटी पाहून तो काळ समोर उभा राहतो. शिवचरित्रातले प्रसंग रंगवले. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची चित्रे आजही पाहायला मिळतात. नवी दिल्ली वसली तेव्हा तिथल्या सेक्रेटरिएटच्या सजावटीचे काम मुंबईच्या चित्रकारांकडेही आले, त्यात धुरंधर होते. रावबहादूर ही पदवी मिळाली. पण या सगळ्याच्या खाली हजारो साधी स्केचेस होती. जे समोर येईल ते काढायचे, ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

स्कूल ऑफ आर्टमध्ये वरची खुर्ची कायम साहेबाची असे. १९३० साली धुरंधरांना संचालकपदाचा कार्यभार मिळाला. तिथवर पोहोचलेले ते पहिले भारतीय. पण तो हंगामी. ज्या संस्थेला त्यांनी चार दशके दिली, तिची ती खुर्ची कायमची काही त्यांच्या नावावर झाली नाही, आणि १९३१ च्या आरंभी ते निवृत्त झाले. त्यांची कन्या अंबिका याच संस्थेत शिकून चित्रकार झाल्या. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले.

आणि मग विसर पडला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्वदेशीच्या काळापासूनच बंगालकडच्या मंडळींचा आक्षेप होता की मुंबईचे चित्रकार विलायती पद्धतीची नक्कल करतात. १९४७ साली मुंबईतच प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला आणि हुबेहूब चित्र काढणे हेच जुनाट ठरले. एका बाजूला पुरेसे भारतीय नाही, दुसऱ्या बाजूला पुरेसे आधुनिक नाही, अशा कात्रीत धुरंधर सापडले. आम्ही शिकत होतो तेव्हा त्यांचे नाव काढले तर पुढच्या पिढीतले काही जण हसत. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मी दोनदा गेलो. गर्दी होती. तरुण मुले बराच वेळ एकेका पेन्सिल स्केचसमोर उभी होती. मोठ्या तैलचित्रांपेक्षा लहान कागदांपाशी जास्त.

ती का थांबली असतील, याचा विचार मी बरेच दिवस केला. मला वाटते, त्या कागदांवर जे शहर आहे ते आता इतरत्र कुठे शिल्लक नाही. राजांची चित्रे राजवाड्यांत राहतात, गव्हर्नरांचे पुतळे संग्रहालयात राहतात. नळावरची रांग कुठे राहते? कोणी काढली तरच राहते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बाबतीत हा प्रश्न आता जवळ येऊन ठेपला आहे. आपण ज्या वाड्यांत आणि चाळींत वाढलो, त्यांतल्या काही मेट्रोच्या कामात गेल्या, काहींच्या जागी टॉवर उभे राहिले, उरलेल्यांवर नोटिसा आहेत. संमेलनाच्या यादीवरून सहज नजर फिरवली तर आपल्यातले निम्म्याहून जास्त डोंबिवली, बोरिवली, वसई, पुणे आणि त्याहीपलीकडे गेले आहेत. मी याबद्दल रडगाणे गात नाही. सार्वजनिक संडास आणि गळकी छपरे ज्यांनी भोगली त्यांना स्वतःच्या फ्लॅटचे मोल माहीत आहे. घर बदलावेच. पण समाईक गॅलरीत वाळत घातलेले पापड, दाराशी टेकून ठेवलेली कॅरमची पाटी, गणपतीच्या आरतीला वर-खाली धावणारी पोरे, गच्चीवर अभ्यासाला बसलेले आपण, हे सगळे कोणत्या कागदावर आहे?

म्हणून एक विनंती करून थांबतो. संमेलनाला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. जुने स्केच असेल, चाळीच्या गॅलरीतला फोटो असेल, रेशनकार्डामागे काढलेले आजीचे चित्र असेल, काहीही नसेल तर आठवणीतून काढलेला आपल्या मजल्याचा नकाशा. हात वाकडा असला तरी चालेल. हे सगळे कागद एकत्र बांधून शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत ठेवावेत, असा माझा प्रस्ताव आहे. मुख्याध्यापकबाईंनी कपाटाचा एक खण द्यायचे कबूल केले आहे. बांधणीचा खर्च मी करतो.

सर आता नव्वदीला आले आहेत आणि संमेलनाला येणार आहेत. त्यांना ती वही दाखवता आली पाहिजे. डोंगर आणि सूर्य काढलेला कागद मात्र कोणी आणू नये.