चित्रयंत्राचा ध्यास

नाशिकपासून काही कोसांवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे प्राचीन क्षेत्र आहे. गोदावरीचा उगम येथलाच. या गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. मुलानेही पोथ्या उघडाव्यात अशी त्या घराची रीत; पण धुंडिराजांच्या हाताला ओढ होती ती रंगांची आणि कुंचल्याची. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली, बिऱ्हाड मुंबईस आले, आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, जे जे हाताने करता येईल ते ते त्यांनी शिकून घेतले.

पोटासाठी त्यांनी किती व्यवसाय केले! गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान काढले. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. जादूचे खेळ केले. पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी धरली आणि सोडली. मग लोणावळ्यास चित्रे छापण्याचा कारखाना काढला व तो दादरला आणला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची सामग्री आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. कारखाना भरभराटीस येत असतानाच भागीदारांशी बिनसले, आणि फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. भागीदारांशी त्यांचे कधीच फारसे जमले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मात्र या धडपडीतून एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली. यंत्राचे भय त्यांच्या मनातून साफ गेले.

१९११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील विलायती चित्रपट पाहिला. पडद्यावर माणसे हालत होती, चालत होती. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देशात आपल्या कथांची अशी चित्रे का होऊ नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यांनी चित्रपटाची काही रिळे व लहानसे यंत्र मिळविले आणि घरातच मेणबत्ती व भिंग घेऊन भिंतीवर चित्रे पाडण्याचे प्रयोग सुरू केले. दिवसा थिएटरात तासन्‌तास चित्रपट पाहावेत आणि रात्री जागून प्रयोग करावेत, असा क्रम चालला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ त्यांची दृष्टीच गेली. ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांवर अवलंबून, त्याच्यावर हा केवढा प्रसंग! सुदैवाने औषधोपचारांनी डोळे सुधारले. सुधारताच ते पुन्हा त्याच खटाटोपाला लागले.

यंत्र पुरते समजून घ्यायचे तर विलायत गाठणे भाग होते. फाळक्यांनी आपल्या विम्याची पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला प्रयाण केले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली. सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी चित्रण कसे होते ते डोळ्यांनी पाहिले. ५० पौंड देऊन विल्यमसन जातीचा कॅमेरा खरेदी केला, कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि दोन महिन्यांत ते घरी परतले.

मे महिन्यात यंत्रसामग्री दादरच्या घरी येऊन पोहोचली. ती जोडून देण्यास कोणी साहेब कारागीर बरोबर आलेला नव्हता. होता तो केवळ एक कागदी आराखडा. फाळके तो पुढे ठेवून बसले आणि चार दिवसांत त्यांनी यंत्र जोडून चालते केले.

हे यंत्र काम कसे करीत असे, ते समजून घेण्याजोगे आहे. चलच्चित्राची फिल्म म्हणजे एक लांबलचक पट्टी. तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर छिद्रे असतात. हँडल फिरविले की यंत्रातील आकडे या छिद्रांत अडकतात, फिल्म एका चित्राएवढी खाली ओढतात आणि सोडून देतात. फिल्म क्षणभर स्थिर राहते, पडदी उघडते, प्रकाश आत येऊन चित्र उमटते, पडदी मिटते, आणि आकडे पुन्हा फिल्म ओढतात. असे सेकंदाला सुमारे १६ वेळा घडते. त्यासाठी हँडल सेकंदाला दोन फेरे याप्रमाणे, न थांबता आणि न घाई करता फिरवावे लागे. हात चुकला की पडद्यावरील राजा धावू तरी लागे, नाहीतर रेंगाळे.

आता छिद्रांचा हिशेब पाहा. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे, आणि प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे. म्हणजे फुटामागे १२८. छिद्र केसभर सरकले तरी चित्र पडद्यावर थरथरे. हे काम अंधाऱ्या खोलीत करावे लागे, कारण उजेड लागला की कोरी फिल्म वाया गेलीच. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी ते आत्मसात केले. फिल्म धुण्याची रसायने मिसळण्यासही त्या शिकल्या. घरातल्या मुलांनाही फाळक्यांनी यंत्राची माहिती करून दिली. दिवसा चूल आणि रात्री छिद्रयंत्र, असा त्या माउलीचा दिनक्रम झाला.

पहिला प्रयोग वाटाण्याच्या रोपाचा. कॅमेरा एका जागी रोवून फाळके महिनाभर ठरावीक अंतराने त्या रोपाचे एकेक चित्र घेत राहिले. ती फिल्म पडद्यावर दाखविताच वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल पाहता पाहता वर चढला! ही करामत पाहून पैसा देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही भांडवल पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. कॅमेरा चालविण्यास फाळक्यांनी आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना; अखेर खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचा पुत्र भालचंद्र. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि चित्रणाच्या वेळी ऊन परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. सुमारे सात महिन्यांनी ३,७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला. ज्याला आवड असेल त्याने त्यातील छिद्रांचा गुणाकार करावा. तो पावणेपाच लाखांच्या घरात जातो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि यंत्रे नाशिकला हलविली. गोदावरीचे घाट, देवळे, भोवतालचे डोंगर. पौराणिक चित्रांना हवे ते सारे तेथे दाराशी होते. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ तेथे घडले. १९१७ च्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बालकृष्ण झाली ती फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी. दरम्यान १९१८ मध्ये भागीदारीत ‘हिंदुस्थान’ कंपनी निघाली होती. पण तेथेही खटके उडाले. फाळके रागावून काशीला निघून गेले, तेथे त्यांनी नाटक लिहिले, आणि काही काळाने ते पुन्हा नाशिकला परत आले.

पुढे बोलपट आले. आवाजाचे यंत्र निराळे, भांडवल मोठे, आणि मुख्य म्हणजे ते एका घरात बसून करण्याचे काम राहिले नाही. फाळक्यांनी १९३७ मध्ये कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. तोच त्यांचा अखेरचा. नंतरची वर्षे त्यांनी नाशिकला काढली. हाती पैसा उरला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नाशिककरांनी त्यांचे स्मारक उभारले आहे, आणि दादरच्या ज्या रस्त्यावरील घरात ती यंत्रे उघडली गेली, त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे.