बाबासाहेबांचे दोन पराभव

निवडणूक हरलेल्या उमेदवाराजवळ कारणांचा तुटवडा कधीच नसतो, हे आम्हां भिवंडीकरांना महानगरपालिकेच्याच नव्हे, तर आपल्या ज्ञातिमंडळाच्या निवडणुकांवरूनही पुरते ठाऊक आहे. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील, फारसा न सांगितला जाणारा एक भाग आम्ही निवडला आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या महापुरुषाची विद्वत्ता आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ही सर्वश्रुतच आहेत. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले आणि पुढे थोड्याच महिन्यांत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे सहकार्य होते. मतदारसंघ द्विसदस्य होता. आपल्या ठाणे मतदारसंघातूनही तेव्हा दोन सदस्य निवडले जात, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. तशी दिल्यास एक मत बाद होई. यालाच लोक मत कुजविणे म्हणत.

काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी मागे पडले, आणि बाद मते तर चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक निघाली. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. कम्युनिस्टांच्या प्रचाराने मते मुद्दाम कुजविली गेली, अशी त्यांची तक्रार होती. ती फेटाळली गेली. ही सबब होती काय? आकडे पाहता तक्रार निराधार नव्हती, असे आम्हांस वाटते. परंतु ढासळलेली प्रकृती आणि काँग्रेसची तत्कालीन लाट यांचाही वाटा त्या पराभवात होताच. मोठ्या माणसालाही आपला पराभव पचविणे जड जाते, एवढे मान्य करण्यात त्यांचा अधिक्षेप नाही.

खरी कसोटी १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत लागली. हाही मतदारसंघ द्विसदस्यच होता. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणासही न देता कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांची जागा निर्धोक होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला. हिशेब चुकीचा नव्हता. ज्या हत्याराने मुंबईत घाव बसला, तेच आता हाती येत होते! बाबासाहेबांनी तो सल्ला साफ धुडकावला. ज्याने घटना घडविली, त्यानेच मतदाराला मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना मुळीच रुचले नाही. त्यापेक्षा पराभव पत्करण्याची त्यांची तयारी होती.

आणि पराभव झालाच. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागा मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे आठ हजार मतांनी जिंकली. या वेळी कुजलेल्या मतांकडे बोट दाखविण्यास बाबासाहेबांना जागाच उरली नव्हती. ती त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

लोकसभेत ते पुढे कधीच निवडून गेले नाहीत. १९५२ पासून ते राज्यसभेचे सदस्य होते, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्याच सभागृहाचे सदस्य होते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.